ड्रिल-टॅप बिट वापरून लोखंडी अँगलमध्ये आटे कसे पाडावेत

घरच्या छोट्या कार्यशाळेत लोखंडी अँगलची चौकट तयार झाली, की तिच्यावर फळी कशी बसवायची हा प्रश्न उभा राहतो. आरपार भोक पाडून खालून नट लावता येतो. पण अँगलच्या कोपऱ्यात पाना फिरायला जागा नसते, एका हाताने नट धरून दुसऱ्या हाताने बोल्ट फिरवावा लागतो, आणि फळी काढण्याची वेळ आली की तोच खटाटोप पुन्हा करावा लागतो. अँगलमध्येच आटे पाडले तर नटाची गरज उरत नाही. त्याची जुनी आणि खात्रीची रीत म्हणजे आधी ड्रिलने भोक पाडायचे आणि मग टॅप, म्हणजे आटे कापणारे हत्यार, हँडलला लावून हाताने फिरवायचा. ड्रिल आणि टॅप एकाच दांड्यावर असलेले बिट ही दोन्ही कामे एका खेपेत करते. एकसारखी वीस-पंचवीस भोके करायची असतील तर त्याने दोन तासांचे काम अर्ध्या तासात उरकते. मात्र त्याची एक अट पाळली नाही, तर पहिल्याच भोकात ते मोडते. त्या अटीपासूनच सुरुवात करणे योग्य ठरेल.

बिट हातात घेऊन नीट पाहावे. टोकाला साध्या ड्रिलसारखा भाग असतो. त्याच्या मागे, त्याहून किंचित जाड, आट्यांचा भाग म्हणजे टॅप असतो. त्यामागे बहुतेक बिटांना थोडी बारीक मान आणि मग उतरता रुंदावत जाणारा भाग असतो; भोकाच्या तोंडाची बर, म्हणजे कापताना कडेला उरलेली धारदार किनार, काढून तिथे हलका उतार द्यायचे काम तो करतो. शेवटी पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा षट्कोनी दांडा असतो आणि तो ड्रिल मशीनच्या चकमध्ये घट्ट बसतो.

आता ड्रिल आणि टॅप यांच्या चालीतला फरक पाहू. चार-पाच मिलिमीटरचे ड्रिल साध्या लोखंडात दर फेऱ्याला जेमतेम ०.१ मिलिमीटर खाली उतरते आणि तेही आपण दाब देतो म्हणून. टॅपचे तसे नाही. एम ५ च्या, म्हणजे पाच मिलिमीटर व्यासाच्या मेट्रिक बोल्टाच्या, आट्याचे अंतर, म्हणजे पिच, ०.८ मिलिमीटर असते. टॅपने एकदा धातू पकडला की तो दर फेऱ्याला बरोबर ०.८ मिलिमीटर पुढे जातो, कमीही नाही आणि जास्तही नाही. टॅपने पकड घेतली तेव्हा पुढचे ड्रिल अजून धातूतच असेल, तर टॅप त्याला त्याच्या कुवतीच्या आठपट वेगाने पुढे खेचू लागतो. ड्रिलला तेवढे कापता येत नाही आणि टॅपला थांबता येत नाही. मग बिट तरी मोडते, नाहीतर आटे तरी खरवडून निघतात. म्हणून ड्रिल पलीकडे पूर्ण बाहेर पडल्यावरच टॅपचा पहिला आटा धातूला लागला पाहिजे, आणि त्यासाठी पत्र्याची जाडी ड्रिलच्या भागाच्या लांबीपेक्षा कमी असली पाहिजे. ही लांबी प्रत्येक कंपनीच्या बिटात वेगळी असते. त्यामुळे कॅलिपरने किंवा पोलादी पट्टीने ती स्वतः मोजावी, आणि टोकाचा शंकू सोडून सरळ भाग तेवढाच धरावा.

पत्र्याची जाडी आट्याच्या व्यासाहून जास्त नसावी, हा कामचलाऊ ठोकताळा आहे. अॅल्युमिनियम, पितळ आणि प्लॅस्टिक यांच्यासाठी तो ठीक आहे. साध्या लोखंडासाठी, म्हणजे बाजारात एमएस म्हणतात त्यासाठी, मी त्याहून खाली, तीन ते साडेतीन मिलिमीटरवरच थांबण्याचा सल्ला देईन. स्टेनलेस स्टील, कडक केलेले पोलाद आणि स्प्रिंगच्या पट्ट्या यांच्या वाटेला या बिटाने जाऊ नये. स्टेनलेस कापता कापताच कडक होत जाते, आणि मशीनचा वेग थोडा जरी चुकला तरी बिटाची धार जाते. तळ बंद असलेल्या भोकातही हे बिट कधी घालू नये, कारण ड्रिलला बाहेर पडायला वाटच नसल्याने वर सांगितलेली अट तिथे पाळताच येत नाही.

मापे ठरलेली आहेत. एम ३ च्या बिटाला २.५ मिलिमीटरचे ड्रिल असते, एम ४ ला ३.३, एम ५ ला ४.२, एम ६ ला ५.०, एम ८ ला ६.८ आणि एम १० ला ८.५. आट्याच्या व्यासातून पिच वजा केली की ड्रिलचे माप मिळते, हे लक्षात ठेवले तर तक्ता पाठ करण्याची गरज नाही. या मापाने पडणाऱ्या आट्याची उंची पूर्ण आट्याच्या सुमारे ७७ टक्के असते. भोक अजून बारीक करून आटे अधिक खोल करता येतील, पण त्यामुळे जोडाची ताकद फारशी वाढत नाही. टॅप फिरवायला लागणारा जोर मात्र भराभर वाढतो आणि टॅप मोडण्याचे भय तेवढेच वाढते.

पत्र्यात किती आटे बसतात, हेही आधीच मोजून घ्यावे. निदान तीन पूर्ण आटे मिळाले पाहिजेत. तीन मिलिमीटरच्या अँगलमध्ये एम ६ चे (पिच १ मिलिमीटर) नेमके तीन आटे बसतात, एम ५ चे पावणेचार आणि एम ४ चे (पिच ०.७) सव्वाचारांहून थोडे अधिक. म्हणजे पातळ पत्र्यात जाड बोल्ट घेतला की जोड मजबूत होतो हा समज खरा नाही. दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपवर तर आटे पाडण्याऐवजी रिव्हेट नट, म्हणजे भोकात रिव्हेटसारखा दाबून पक्का होणारा आटेदार नट, बसवावा, हेच बरे.

बोल्ट विकत घेताना आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानांत आजही सुतांचा हिशोब चालतो. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, त्यामुळे दोन सुती बोल्ट म्हणजे पाव इंची. तो ६.३५ मिलिमीटरचा असतो आणि त्याला इंचाला २० आटे असतात. एम ६ च्या भोकात तो एक-दोन फेरे जाऊन अडकतो आणि जोर केला तर नुकतेच पाडलेले आटे चिरडतो. अडीच सुती, म्हणजे ७.९४ मिलिमीटरचा बोल्ट एम ८ सारखाच दिसतो, पण त्याची पिच १.४१ मिलिमीटर असते आणि एम ८ ची १.२५. व्हिटवर्थ पद्धतीच्या या जुन्या आट्यांचा कोन ५५ अंश आहे आणि मेट्रिक आट्यांचा ६०. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये मांडलेले हे माप आपल्या दुकानांच्या खणांत अजून टिकून आहे. म्हणून दुकानात ‘एम ५, मेट्रिक’ असे स्पष्ट सांगावे आणि नमुना म्हणून मेट्रिक नट सोबत न्यावा. त्यात बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत फिरला, तरच तो घ्यावा.

यंत्र निवडताना मुख्य गोष्ट वेगाची. एम ५ चा टॅप मिनिटाला ३०० फेऱ्यांवर सेकंदाला चार मिलिमीटर पुढे जातो. म्हणजे तीन मिलिमीटरच्या अँगलमधले आटे एका सेकंदाच्या आतच पडून होतात. वेग मिनिटाला २५०० फेऱ्यांचा असेल तर तोच टॅप सेकंदाला ३३ मिलिमीटर धावू पाहतो, आणि बोट ट्रिगरवरून उचलेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. एकच वेग असलेली वायरवाली ड्रिल मशीन त्यामुळे या कामाची नाही. उलट फिरण्याची सोय, दोन गिअर आणि फिरकीच्या जोराची मर्यादा ठरवणारी क्लचची कडी असलेले बॅटरीवरचे ड्रिल उत्तम. ते कायम पहिल्या, म्हणजे संथ गिअरवर ठेवावे. इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरण्याचा मोह षट्कोनी दांड्यामुळे अनेकांना होतो. तो कटाक्षाने टाळावा. इम्पॅक्ट ड्रायव्हर फिरवता फिरवता ठोके मारतो आणि टॅपचे पोलाद जितके कडक तितकेच ठिसूळ असल्याने ते ठोके त्याला सोसत नाहीत. चुंबकी बिट होल्डरही नको, कारण त्यात बिट डुलते. दांडा थेट चकमध्येच पकडावा.

याशिवाय सेंटर पंच, हातोडी, गुण्या, पोलादी पट्टी, रेघ ओढायला टोच्या, दोन सी-क्लँप, ब्रश, डोळ्यांसाठी गॉगल आणि तेल लागते. लोखंडासाठी कटिंग ऑइल मिळाले तर उत्तमच. नाहीतर घरातल्या खोबरेल तेलाचे दोन थेंबही एम ५ ला पुरतात. थंडीत ते थिजते, तेव्हा तर बिटाला मलमासारखे माखता येते आणि टॅपच्या खाचांत छान धरून राहते. अॅल्युमिनियमला थोडे रॉकेल चालते, पण जवळपास ठिणगी किंवा ज्योत नसावी. पितळ आणि बीड कोरडेच कापावे. हातमोजे घालू नयेत. फिरत्या बिटात मोज्याचा धागा अडकला, तर हातही त्यामागे ओढला जातो.

एका खऱ्या कामाचे उदाहरण घेऊ. ४० बाय ४० बाय ३ मिलिमीटरच्या एमएस अँगलची चौकट आहे आणि तिच्यावर १२ मिलिमीटरचे प्लायवूड एम ५ च्या बोल्टांनी बसवायचे आहे. प्लाय १२, वॉशर १ आणि अँगल ३, मिळून १६ मिलिमीटर होतात. म्हणून २० मिलिमीटर लांबीचे बोल्ट घ्यावेत, म्हणजे खाली चार मिलिमीटर टोक बाहेर राहील.

पहिली पायरी आखणीची. प्लायमध्ये साध्या ड्रिलने ५.५ मिलिमीटरची भोके पाडून घ्यावीत. ड्रिल-टॅप बिट प्लायमधून अँगलमध्ये थेट घालू नये. लाकडाचा भुसा टॅपच्या खाचांत बसतो आणि धातूचा कीस बाहेर यायला जागा राहत नाही. प्लाय चौकटीवर ठेवून क्लँपने आवळावे आणि त्याच ५.५ मिलिमीटरच्या ड्रिलने प्रत्येक भोकातून अँगलवर फक्त खूण उमटवावी. भोकाचा मध्य अँगलच्या बाजूच्या साधारण मधोमध, कडेपासून २० मिलिमीटरवर यावा. प्लाय बाजूला काढून प्रत्येक खुणेच्या मध्यावर सेंटर पंच एकदाच, पण नेमका आणि जोरात ठोकावा. गंज किंवा रंग असेल तर तेवढी जागा आधी कानशीने घासून घ्यावी.

दुसरी पायरी म्हणजे खालची जागा तपासणे. नवशिक्यांकडून सर्वांत जास्त बिटे इथेच मोडतात असे माझे निरीक्षण आहे. टॅप आटे पाडत असताना ड्रिलचे टोक पत्र्याच्या पलीकडे बरेच खाली गेलेले असते. तिथे टेबल असेल, व्हाइसचा जबडा असेल किंवा पाइपची समोरची भिंत असेल, तर टोक तिच्यावर आदळते. टॅप त्याला पुढे खेचतच राहतो आणि बिट तुकडे होऊन हातात येते. माझे पहिले बिट मी २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपात असेच मोडले होते. वरचा पत्रा पातळ होता, भोक सुरेख पडले, आटेही पडू लागले, आणि आत जेमतेम २१ मिलिमीटर मोकळी जागा आहे याचा हिशोब मी केलाच नव्हता. टोकापासून मानेपर्यंतची लांबी मोजून, खाली तेवढी आणि आणखी पाच मिलिमीटर जागा मोकळी आहे याची खात्री करूनच काम सुरू करावे. अँगलची एक बाजू खाली उघडी असते म्हणून आपल्या उदाहरणात ही अडचण येत नाही. सुटी पट्टी असेल तर ती दोन लाकडी ठोकळ्यांवर, मधे फट ठेवून, आवळावी.

तिसरी पायरी सरावाची आहे आणि ती कोणीही वगळू नये. त्याच अँगलचा एक तुकडा घ्यावा. क्लचची कडी मधल्या आकड्यावर ठेवून एक भोक करून पाहावे. टॅप अडकून क्लच कटकट करू लागला तर कडी एक आकडा वाढवावी. क्लच कधीच सुटत नसेल तर कमी करत यावी. टॅप सहज जाईल आणि जादा जोर आला की क्लच सुटेल, असा आकडा मिळेपर्यंत तीन-चार भोके वाया गेली तरी हरकत नाही. कड्यांवरचे आकडे प्रत्येक यंत्रात वेगवेगळे असतात, त्यामुळे दुसऱ्याने सांगितलेला आकडा आपल्या उपयोगाचा नाही.

आता प्रत्यक्ष काम. बिटाला तेल लावून टोक पंचच्या खुणेत ठेवावे, आणि बिट पत्र्याशी काटकोनात आहे ना हे शेजारी गुण्या उभा करून समोरून आणि बाजूने, असे दोन्हीकडून पाहावे. नुसत्या भोकाला दोन-तीन अंशांचा तिरकेपणा चालून जातो, पण आटे तिरके पडले तर बोल्टाचे डोके एका कडेवरच टेकते. ट्रिगर हळूच दाबून, एकसारखा आणि ठाम दाब देत ड्रिलचे काम पूर्ण करावे. टोक पलीकडे बाहेर पडण्याच्या बेतात आले की आवाज बदलतो आणि हाताला किंचित सैलपणा जाणवतो. तिथे दाब कमी करावा, नाहीतर बिट एकदम पुढे घुसते आणि टॅप पत्र्यावर आदळून पहिला आटा बिघडतो. ड्रिल पूर्ण बाहेर पडल्यावर मी क्षणभर थांबतो, टॅपवर तेलाचा एक थेंब टाकतो आणि मगच पुढे जातो. हे थांबणे सक्तीचे नाही, पण शिकणाऱ्याने ते जरूर करावे, कारण इथपर्यंत यंत्राला आपण ढकलत होतो आणि इथून पुढे यंत्र आपल्याला ओढणार असते.

टॅप लागताना अगदी हलका दाब द्यावा आणि दीड-दोन फेऱ्यांत त्याने पकड घेतली की दाब पूर्णपणे काढून घ्यावा. यंत्र फक्त सरळ धरून ठेवायचे आणि टॅपच्या चालीने हात खाली जाऊ द्यायचा. ढकलले किंवा मागे धरून ठेवले, तर पातळ पत्र्यातले आटे ताणून खराब होतात. टॅप पलीकडे निघून मान भोकात आली की बिट मोकळे फिरते. तेव्हा रुंद भाग भोकाच्या तोंडाला हलकेच, एखाद्या सेकंदापुरता टेकवावा. त्याने वरची बर निघते आणि प्लाय सपाट बसते. पत्रा मानेच्या लांबीपेक्षा जाड असेल तर हा भाग टेकवायचा नाही, कारण मागचे आटे अजून पत्र्यातच असतात आणि ते रुंद भागाला जबरदस्तीने आत ओढतात. अशा वेळी टॅप पुरता गेला की थांबावे आणि बर नंतर मोठ्या ड्रिलने हाताने फिरवून काढावी.

बाहेर येताना बिट उलटे फिरवावे, पण ओढू नये. मागच्या आट्यांना पाडलेल्या आट्यांत पुन्हा शिरायचे असते. ट्रिगर अगदी सावकाश दाबून, यंत्र वर किंचितसे उचलून धरले की ते आपसूक वाटेला लागतात. घाईने उपसले तर आटे आडवे कापले जातात. बिट बाहेर आले की खाचांतला कीस ब्रशने काढावा. फुंकू नये आणि बोटाने पुसू नये. मग पुढचे भोक. दर पाच-सहा भोकांनंतर बिटाला हात लावून पाहावे. ते चटका बसण्याइतके तापले असेल तर थंड होऊ द्यावे.

प्रत्येक भोकात एम ५ चा बोल्ट बोटांनी फिरवून पाहावा. तो शेवटपर्यंत बोटांनीच गेला पाहिजे. सुरुवातीलाच अडला तर तोंडाशी बर राहिली असण्याची शक्यता जास्त. बोल्ट ढिला डुलत असेल तर बिट उतरताना किंवा बाहेर येताना हात हलला असे समजावे. फळी बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने लावून मग एकेक करून आवळावेत. पावणेचार आट्यांच्या पकडीवर अॅलन कीचा (बोल्टाच्या डोक्यातल्या षट्कोनी खाचेत बसणाऱ्या वाकड्या चावीचा) लांब दांडा वापरून जोर करू नये. आखूड बाजूने बोटांनी आवळले की एम ५ ला तेवढे पुष्कळ होते, आणि टेबल कंप पावणारे असेल तर स्प्रिंग वॉशर घालावा.

पाच-सहा मिलिमीटरहून जाड पट्टी, तळ बंद असलेले भोक किंवा ओतीव भाग समोर आला, की हे बिट बाजूला ठेवून हाताने फिरवायचे टॅप काढावेत. पहिला, दुसरा आणि तिसरा असा तीन टॅपांचा संच, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे अशी चाल आणि प्रत्येक मागच्या फेऱ्याला कीस तुटल्याची हाताला होणारी जाणीव, हे शिकायला वेळ लागतो. पण ज्याने निदान दहा भोके हाताने टॅप केली आहेत, त्याला टॅप अडकण्याआधीची कुरकुर यंत्रातूनही ओळखू येते. म्हणून नवशिक्याने एम ५ चा हातटॅप आणि हँडलही सोबतच घ्यावे. ड्रिल-टॅप बिटांचा सहा मापांचा संच घेण्याऐवजी आपल्याला खरोखर लागणाऱ्या एका मापाची दोन बिटे घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण बिट मोडते ते नेमके काम अर्ध्यावर असताना.

आणि मोडलेच, तर तुकडा काढण्याचा प्रयत्न साध्या ड्रिलने करू नये. टॅपचे पोलाद ड्रिलइतकेच कडक असते, त्यामुळे ड्रिलची धार जाते आणि तुकडा जागचा हलत नाही. तुकड्याचे टोक वर किंवा खाली दिसत असेल तर ते पकडीत धरून उलट दिशेने पुढे-मागे हलवत काढावे. पकडीत येत नसेल तर टॅपच्या खाचेत बारीक पंच टेकवून हलके ठोके देत उलटे फिरवावे. अँगलसारख्या पातळ लोखंडात सरळ दोन सेंटिमीटर बाजूला नवे भोक करणे सोपे पडते. अॅल्युमिनियम किंवा पितळेच्या महत्त्वाच्या भागात तुकडा अडकला असेल तर आणखी एक उपाय आहे. काचेच्या भांड्यात गरम पाणी घेऊन त्यात विरघळेल तेवढी तुरटी घालावी आणि तो भाग त्यात बुडवून, पाणी गरम राखत, ठेवून द्यावा. तुरटीचे पाणी पोलाद हळूहळू खाते आणि अॅल्युमिनियम किंवा पितळेला जवळजवळ हात लावत नाही. तुकड्याच्या आकारानुसार काही तास ते एक-दोन दिवस लागतात. या काळात बारीक बुडबुडे येत राहतात, तो हायड्रोजन वायू असतो. म्हणून भांडे उघड्या हवेत, ज्योतीपासून दूर ठेवावे, आणि त्या भागाला लागून दुसरा कोणताही लोखंडी स्क्रू किंवा पिन असेल तर तो आधीच काढून घ्यावा, नाहीतर तोही विरघळून जाईल.